सभा भरली, पण बोललं कोण?
पालक सभा, जमातीची बैठक असो की मोठी परिषद, येणाऱ्या प्रत्येकाला बोलतं कसं करायचं

आपल्याकडच्या सभेचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. समोर स्टेज, त्यावर सहा-सात खुर्च्या, मागे बॅनर. सुरुवातीला तिलावत, मग पाहुण्यांचं स्वागत, शाल, बुके. त्यानंतर एकामागून एक भाषणं. शेवटची दहा मिनिटं उरली की सूत्रसंचालक विचारतो, "कुणाला काही विचारायचं आहे का?" कुणीच काही बोलत नाही. मग आभार, चहा-बिस्किट, आणि सभा संपली.

खरी सभा त्यानंतर सुरू होते, जिथे चपला काढलेल्या असतात तिथे. एक आई दुसरीला सांगते, "नववीची शाळा लांब आहे, रिक्षाचे पैसे कुठून आणू? मुलीला घरीच ठेवते." एक वडील म्हणतात, "शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता, पण दाखला वेळेत मिळाला नाही." ही दोन वाक्यं अर्ध्या तासापूर्वी हॉलमध्ये आली असती, तर चार लोकांनी मिळून रिक्षा ठरवली असती. दाखल्यासाठी कुणीतरी तहसीलमध्ये सोबत गेलं असतं. पण ती चपलांपाशीच राहिली, आणि मुलगी घरी राहिली.

माणसं आली नाहीत म्हणून सभा फसते, असं आपण समजतो. आम्हा शिक्षकांचा अनुभव असा, की माणसं येतात, पण त्यांना बोलायला जागाच ठेवलेली नसते. शिवणाऱ्याने कुडत्याला खिसाच ठेवला नाही, तर त्यात काही ठेवलं जाणार कसं? सभेचंही तसंच आहे. लोकांचं बोलणं आधीपासून बेतावं लागतं. ते कसं बेतायचं, हे या लेखात पाहू.

लोक गप्प का बसतात?

पहिलं कारण साधं गणित आहे. समजा ४० माणसं आली आणि सभा ९० मिनिटांची आहे. वेळ सारखा वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. त्यात वीस-वीस मिनिटांची तीन भाषणं झाली, की उरतात ३० मिनिटं, म्हणजे माणशी ४५ सेकंद. तीही दोन-तीन सवयीचे बोलणारे घेऊन टाकतात.

दुसरं कारण आपली घाई. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी अनेक वर्गांतले तास ध्वनिमुद्रित करून अभ्यासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना दिसलं. हाच अवधी तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. बीएडला आपण हे शिकतो आणि सभेत विसरतो. "काही प्रश्न? नाही? ठीक आहे," हे तिन्ही शब्द आपण एका दमात म्हणतो.

तिसरं कारण भाषा. घरात दखनी, कोकणी किंवा उर्दू बोलणाऱ्या बाईला माईकवर शुद्ध मराठीत किंवा नस्तालीक उर्दूत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. चौथं कारण अदब. सासरे, चाचा, मशिदीचे मुतवल्ली समोर बसलेले असताना सून किंवा कॉलेजचा पोरगा वेगळं मत मांडत नाही. आणि पाचवं, सगळ्यांत जड कारण असं, की मागे कधीतरी ते बोलले होते आणि त्याचं पुढे काहीच झालं नव्हतं.

आधी ठरवा, सभा कशासाठी?

सभा तीन कारणांसाठी बोलावतात. माहिती द्यायची असते, लोकांचं मत घ्यायचं असतं, किंवा सगळ्यांनी मिळून निर्णय करायचा असतो. नुसती माहितीच द्यायची असेल, तर मोबाईलवर निरोप पाठवा किंवा कागद वाटा. मजुरी बुडवून माणसाला बोलावू नका. निर्णय आधीच झालेला असेल, तर मत विचारण्याचं नाटक करू नका. लोक भोळे नसतात, त्यांना ते लगेच कळतं.

मत किंवा निर्णय हवा असेल, तर विषयपत्रिकेवर विषयाऐवजी प्रश्न लिहा. "विद्यार्थ्यांची उपस्थिती" असं लिहिलं की लोक ऐकायला येतात. "बाजाराच्या दिवशी मुलं शाळेत का येत नाहीत?" असं लिहिलं की उत्तर घेऊन येतात. एका सभेत असे दोनच प्रश्न ठेवा. आठ विषय ठेवले, तर सातव्यापर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

वेळ लोकांच्या कामावरून ठरवा. मालेगावात लूम शुक्रवारी बंद असतात, तिथे तो दिवस सोयीचा. दुसऱ्या गावात तोच दिवस अडचणीचा ठरेल. विडी वळणाऱ्या बायकांना संध्याकाळी माल जमा करायचा असतो. रमजानमध्ये असरनंतर कुणीच मोकळं नसतं. कोकणातल्या गावच्या जमातीची बैठक मोबाईलवर होते आणि निम्मे सभासद आखातात असतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, सौदी आणि कुवेतचं अडीच तास. आपल्या रात्री आठला बैठक ठेवली तर कुवेतमध्ये साडेपाच वाजलेले असतात आणि माणूस अजून कामावर असतो. मग आपण म्हणतो, "बाहेरचे लोक लक्ष घालत नाहीत."

लहान मुलांची सोयही आधीच बघा. बाजूच्या वर्गात दोन मोठ्या मुली आणि रंगाच्या पेट्या ठेवल्या, तर वीस आया निवांत बसू शकतात.

बसण्याची रीत

घरात लग्नाचा मशवरा असतो तेव्हा सगळे सतरंजीवर गोल बसतात. फुफी बोलते, मामू बोलतात, आणि चहा घेऊन आलेली मोठी बहीणसुद्धा एक वाक्य टाकून जाते. तीच माणसं सभेत आली की ओळीत बसतात, समोरच्याची पाठ बघत. पाठीशी कोण काय बोलणार? म्हणून जमलं तर स्टेज वापरू नका. खुर्च्या गोलात किंवा पाच-सहाच्या घोळक्यांत मांडा. शाळेचे बाक हलत नसतील, तर व्हरांड्यात सतरंज्या टाका.

बायकांच्या बसण्याचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. बऱ्याच ठिकाणी त्या मागे किंवा वेगळ्या खोलीत बसतात आणि त्यांच्यापर्यंत फक्त लाऊडस्पीकर पोचतो. आवाज तिकडे जातो, तिकडून परत येत नाही. वेगळं बसायचंच असेल, तर त्या खोलीतही एक माईक द्या, आणि आधी त्यांचं म्हणणं मांडून घ्या, पुरुषांचं नंतर. ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. बायका आधी आपसात बोलतात, मुद्दे ठरवतात, आणि मग मोठ्या सभेत ते मुद्दे एकटीचे राहत नाहीत, सगळ्यांचे होतात.

शाळेच्या बाबतीत तर कायदा आणखी स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचं कामही कायद्याने समितीकडे दिलं आहे. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांत समितीची भूमिका सल्ल्यापुरती ठेवली होती. पण सल्ला द्यायलाही तोंड उघडावं लागतं. समितीत नाव आहे, रजिस्टरवर सही आहे आणि आवाज नाही, अशी खाला किंवा अप्पी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल.

बोलतं करण्याच्या चार पद्धती

या पद्धतींना पैसा लागत नाही. वर्गात, बचत गटात, जमातीच्या बैठकीत किंवा ३०० माणसांच्या परिषदेत, कुठेही त्या चालतात.

एक, दोन, चार, सगळे. प्रश्न मोठ्याने वाचा. दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा. मग शेजारच्याशी जोडी करून सहा मिनिटं बोलायचं. मग दोन जोड्या एकत्र येऊन चौघांनी बारा मिनिटं बोलायचं आणि एक मुद्दा निवडायचा. शेवटी प्रत्येक चौकडीने तो सगळ्यांना सांगायचा. वरचं गणित आठवा. स्टेजवरच्या सभेत माणशी ४५ सेकंद येत होते, इथे जोडीतल्या सहा मिनिटांतच प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. आणि चारजणांपुढे बोललेला माणूस चाळीसजणांपुढे कमी घाबरतो. वर्गात हीच रीत "विचार करा, जोडी करा, सांगा" म्हणून चालते. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये ती मांडली.

चिठ्ठीची पद्धत. जिथे मोठ्यांच्या अदबीमुळे लहान बोलत नाहीत, तिथे ही कामाला येते. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये ती मांडली. प्रत्येकजण न बोलता आपले मुद्दे कागदावर लिहितो. मग फेरी सुरू होते. प्रत्येकाने एका वेळी एकच मुद्दा वाचायचा, त्यावर वाद घालायचा नाही, फळ्यावर फक्त लिहून घ्यायचं. सगळे मुद्दे संपले की जे समजले नाहीत ते समजून घ्यायचे, आणि शेवटी प्रत्येकाने महत्त्वाचे वाटतात त्यांना क्रम द्यायचा. नाव लिहायचं नाही असं ठरवून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि एकानेच वाचल्या, तर सूनबाईचा मुद्दा आणि सासऱ्यांचा मुद्दा फळ्यावर सारख्याच अक्षरात उमटतो.

लिहिता येत नसेल तर? ग्रामीण भागात सहभागी पाहणी करणारे कार्यकर्ते बिया आणि खडे वापरतात. जमिनीवर तीन-चार चित्रं काढायची: रिक्षा, पाण्याचा नळ, शिवणयंत्र, पुस्तक. प्रत्येकाला पाच चिंचोके द्यायचे आणि हवे तिथे ठेवायला सांगायचे. कुणाला किती महत्त्वाचं वाटतं ते सगळ्यांसमोर दिसतं, एक अक्षर न लिहिता.

चहाची टेबलं. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात हुआनिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी काही मंडळी चर्चेला जमली होती. बाहेर पाऊस असल्याने ती घरातच छोट्या टेबलांभोवती बसली आणि टेबलावर अंथरलेल्या कागदावर मुद्दे लिहू लागली. मधेच टेबलं बदलली, तेव्हा एका टेबलावरचा विचार दुसरीकडे पोचला. त्यातून "वर्ल्ड कॅफे" ही पद्धत निघाली. आपल्याकडे ती अशी करता येते. चार सतरंज्या, चार प्रश्न, प्रत्येक सतरंजीवर एक मोठा कागद आणि एक जागचा माणूस. बाकीच्यांनी दर पंधरा मिनिटांनी सतरंजी बदलायची. जागचा माणूस नव्यांना सांगतो, आधीचे काय म्हणून गेले. चहा शेवटी ठेवण्याऐवजी मधेच आणि तिथेच द्यायचा.

लोकांनीच ठरवलेली विषयपत्रिका. हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ मध्ये एक मोठी परिषद भरवली. तयारीत वर्ष गेलं. शेवटी लोक म्हणाले, सगळ्यांत छान होती ती मधली कॉफीची सुट्टी. त्यावरून त्यांनी १९८५ मध्ये अशी परिषद घेतली, जिच्यात आधी ठरवलेले वक्तेच नव्हते. सगळे गोलात बसतात. ज्याला जो विषय महत्त्वाचा वाटतो तो कागदावर लिहून भिंतीवर लावतो आणि जागा-वेळ टाकतो. बाकीचे हवे तिथे जाऊन बसतात. जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जायचं, हा तिचा एक नियम. "ओपन स्पेस" म्हणून ही पद्धत जगभर वापरली जाते. शिक्षक संमेलनाचा किंवा युवक शिबिराचा अर्धा दिवस असा ठेवून बघावा. चपलांपाशी होणाऱ्या गप्पाच यात सभेच्या मध्यावर येतात.

आपल्याच मातीतली उदाहरणं

हे सगळं परदेशी वाटत असेल, तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाकडे बघा. तिथे निर्णय बहुमताने करत नाहीत, सगळ्यांच्या सहमतीने करतात. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या सभेत येतो. त्याच्या जोडीला गावाचे अभ्यास गट आहेत. तिथे आधी माहिती समजून घेतली जाते, निर्णय मात्र ग्रामसभेतच होतो. याच गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

दुसरं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळलं होतं. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. आधीच्या शांतता समितीत नेहमीचे पुढारी बसत. मोहल्ला कमिटीत त्याच गल्लीतले साधे हिंदू-मुस्लिम लोक आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसू लागले. नळ, गटार, भांडण, अफवा, सगळं तिथे बोललं जायचं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. भिवंडीच्या कमिट्या लहान होत्या, घराजवळ होत्या, नावाजलेल्यांऐवजी रोज एकमेकांना भेटणाऱ्यांच्या होत्या. आणि संकट येण्याआधीच बोलण्याची सवय लागली होती. दंगलीच्या रात्री पहिल्यांदा भेटलेली माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत.

जास्त बोलणाऱ्याचं काय?

प्रत्येक सभेत एक साहेब असे असतात, जे "दोनच शब्द" म्हणून उठतात आणि पाऊण तास बसत नाहीत. त्यांचा अपमान करायचा नाही, पण नियम सगळ्यांसाठी आधीच सांगायचा: "प्रत्येकाला दोन मिनिटं. आणि सगळे एकदा बोलल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही." घड्याळ एखाद्या आठवीच्या मुलीच्या हातात द्या. ती वेळ संपल्याची घंटी वाजवते तेव्हा मोठेही हसून बसतात. वाटल्यास त्या साहेबांनाच इतिवृत्त लिहायचं काम द्या. लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं.

गप्प बसणाऱ्याला बोलवायचीही रीत आहे. "शमीम आपा, तुम्ही काहीच बोलत नाही!" असं म्हटलं की ती आणखी आक्रसते. त्यापेक्षा असं विचारा, "आपा, तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं?" जे तिला नक्की माहीत आहे, तिथून सुरुवात करा. एकदा आवाज फुटला की मत आपोआप येतं. भाषेचा नियमही आधीच सांगा: उर्दू, मराठी, दखनी, कोकणी, ज्याला जी येते तीत बोला. समजलं नाही तर शेजारचा सांगेल, आणि नोंद मराठीत आम्ही करू.

एक पथ्य शिक्षकांसाठी. कोणत्याही मुलाचे मार्क, वागणूक किंवा घरची थकलेली फी भर सभेत काढायची नाही. एका आईची मान खाली गेली की बाकीच्या वीस जणी पुढच्या सभेला येत नाहीत. ती बोलणी बंद दाराआड करायची.

९० मिनिटांचा आराखडा

४० पालकांसाठी असा बेत करता येईल. पहिली ५ मिनिटं: मागच्या सभेत काय ठरलं आणि त्यातलं किती झालं. १० मिनिटं: आजच्या प्रश्नाची माहिती. मग २ मिनिटं एकट्याने विचार, ६ मिनिटं जोडीत, १२ मिनिटं चौकडीत. २५ मिनिटं: दहा चौकड्यांचे दहा मुद्दे फळ्यावर. १० मिनिटं: चिंचोके ठेवून पसंती. १५ मिनिटं: सर्वांत जास्त पसंतीच्या दोन मुद्द्यांवर निर्णय. शेवटची ५ मिनिटं: ठरलेलं मोठ्याने वाचून दाखवणं. स्वागत-सत्कार यात नाही, कारण या सभेला येणारा प्रत्येकच पाहुणा आहे.

निर्णय लिहिताना तीन रकाने हवेत: काम काय, करणार कोण, कधीपर्यंत. "वाहतुकीची सोय करण्यात यावी" असं लिहिलं तर काहीच होत नाही. "नववीच्या सहा मुलींसाठी रिक्षा ठरवणे, दोन पालकांची नावं, १५ जूनपर्यंत" असं लिहिलं तर रिक्षा येते. तो कागद शाळेच्या फाटकावर लावा आणि त्याचा फोटो पालकांच्या मोबाईलवर पाठवा. पुढच्या सभेची पहिली पाच मिनिटं याच कागदाची. एखादं काम झालं नसेल, तर तेही तसंच सांगा. आपलं बोलणं कुठे गेलं हे कळलं, की लोक पुन्हा बोलतात.

सुरुवात करायला फार तयारी लागत नाही. तुमच्या पुढच्या सभेत, मग ती शाळेची असो, बचत गटाची असो की जमातीची, एका विद्यार्थ्याला कोपऱ्यात वही देऊन बसवा. आलेल्या प्रत्येकासाठी एक रेघ, आणि जो एकदा तरी बोलला त्याच्या रेघेवर टिक, एवढंच काम. शेवटी दोन्ही आकडे मोठ्याने वाचा: आले किती आणि बोलले किती. पुढच्या महिन्यात याच वहीच्या दुसऱ्या पानावर तेच करा, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा.